सातव्या खाणीतली उडी

कॅल्युमेट, मिशिगन
९ जानेवारी २०११

ती. हेल्मीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. मोजे झकास आहेत, फक्त दोन्ही डाव्या पायाचे आहेत. वेलचीचा पाव टपालात इतका वाळला की कॉफीत बुडवून पाच मिनिटं वाट बघावी लागली. तरी एकट्यानं संपवला. इथं बर्फानं यंदा कहर केलाय. बर्फ लोटायची गाडी घेऊन रस्ता साफ करत निघालो की दोन्ही बाजूंच्या भिंती माझ्या खिडकीपर्यंत येतात. गाव दिसतच नाही, नुसती धुराडी दिसतात.

आपल्या 'टिन लँटर्न' खेळाचं काम चालू आहे. अठरापैकी तेरा खाणी, म्हणजे खेळाचे टप्पे, उभ्या राहिल्या. पहिल्या सहा फुकटच्या फ्लॉपीवर यायच्या आणि पुढच्या बारा हव्या असतील तर चेक पाठवावा लागायचा, आठवतं ना? माझ्या तेराव्या वाढदिवसाला बाबांनी पाठवला होता. तो जुना खेळ आताच्या कॉम्प्युटरवर धड चालत नाही, म्हणून तर मी आणि हॉलंडचा योस्त दोन वर्षं तो पहिल्यापासून पुन्हा बनवतोय. चित्रं त्याची, प्रोग्रॅम माझा. मूळ कर्त्यानंही पोस्टकार्ड पाठवून कळवलं, की खुशाल बनवा, पण विकू नका.

अडलंय ते सातव्या खाणीत. आपला कंदीलवाला दरी ओलांडतो ती उडी. मी बटण दाबतो आणि पठ्ठ्या उडतच नाही, सरळ खाली. दहात सहा वेळा. योस्त म्हणतो, त्याच्याकडे काहीच बिघडलेलं नाही. तीन आठवडे प्रोग्रॅम उसवतोय, चूक सापडत नाही. सोबत डिस्क पाठवतो, जरा खेळून बघ. तुला खेळता येत नाही, हाच तुझा मोठा गुण.

फोन करत नाही, आपलं ठरलंय तसं. फोनवर आपण एकमेकांचं बोलणं कुठे ऐकतो, अडखळतंय का तेवढंच ऐकत बसतो. पत्र बरं.

कारिनला गोड पापा. तुझा माझ्यावरचा राग जसा आहे तसाच असू दे, त्यातच माया असते.

तुझा,
आर्वो


डुलुथ, मिनेसोटा
१८ जानेवारी २०११

चि. आर्वोस,
अ. उ. आ.

मोजे दोन्ही पायांचे आहेत. तुझेच पाय वाकडे. कारिनला नर्सिंगला प्रवेश मिळाला, सप्टेंबरपासून जाईल. एवढीशी होती ती मुलगी, आता मला रक्तदाब कसा मोजायचा ते शिकवते.

डिस्क घातली. पहिल्या तीन वेळा पडले. चौथ्या वेळी ओलांडली. त्यानंतर वीस वेळा खेळले आणि वीसही वेळा ओलांडली. कारिन शाळेतून आली, तिनं तर बसल्या बसल्या एका हातानं सफरचंद खात ओलांडली. आर्वो, प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही.

हे लिहून मी मध्ये अर्धा तास उठून भांडी घासत होते. पुढचं लिहावं की नाही कळेना. बाबा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसून हीच उडी चुकायला लागले होते तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास, आणि मी कारिनच्या बाळंतपणाला माहेरी आले होते. ते म्हणायचे, बटण खराब झालंय. कीबोर्ड बदलून आणला होता त्यांनी. पुढच्या वर्षी ट्रक खड्ड्यात घातला.

तू रोज ती बर्फाची गाडी चालवतोस. मला काही विचारायचं नाहीये. फक्त कप पडतात का हातातून, एवढंच कळव. नसतील पडत तर मला वेडी म्हण, मी आनंदानं ऐकून घेईन.

मनात तू असतोसच, मुद्दाम आठवण काढावी लागत नाही.

तुझी,
ताई


कॅल्युमेट
२७ जानेवारी २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फार राग आला. शेगडीत टाकणार होतो. खेळ कसा चाललाय ते विचारलं होतं, माझी तब्येत विचारली नव्हती. मग दोन दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात ओरडत रस्ते साफ केले.

तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅमला एक छोटी सोय जोडली. कुठलं बटण कोणत्या क्षणाला दाबलं, ते तो लिहून ठेवतो. शंभर उड्या मारल्या आणि आकडे बघितले. खेळ प्रत्येक वेळी बरोबर ऐकतोय. बटणच उशिरा दाबलं जातंय. कधी दाबलं जातं आणि लगेच सुटतं, कधी दोनदा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझं ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या चाचणीचे आकडे जुन्या फाइलीत होते, तेही काढून शेजारी ठेवले. तो हात वेगळाच होता, ताई.

कप पडतात. नोव्हेंबरपासून तीन. मंगळवारी रुओना म्हातारीची टपालपेटी उडवली गाडीनं. ती बाहेर येऊन म्हणाली, की बर्फात पेटी दिसली नसेल, जाऊ दे बाळा. मला दिसली होती. स्पष्ट दिसली होती.

बाबांचा मेंदू झिजवत गेलेल्या त्या आजाराचं नाव आपण घरात कधी घेत नाही. हंटिंग्टन. घे, लिहून टाकलं. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलांपैकी प्रत्येकाला निम्मी निम्मी शक्यता, हे मला पंधराव्या वर्षापासून पाठ आहे. बाबांना ती उडी चुकताना बघून मी खदाखदा हसलो होतो, तेही पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि तेही हसले.

कारिनला यातलं काही सांगू नकोस. ई-मेलवर लिहू नकोस, ती वाचते.

मी भ्यालोय गं. बाकी ठीक.

आर्वो


डुलुथ
३ फेब्रुवारी २०११

चि. आर्वोस,
अ. उ. आ.

आशीर्वादानंतर लगेच हुकूम. उद्यापासून ती गाडी चालवायची नाही. आज टपालपेटी होती. उद्या त्या जागी शाळेची बस थांबलेली असेल. तुझ्या मुकादमाला तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मी कसं सांगते ते तुला ठाऊक आहे.

दुसरा हुकूम, रक्त तपासायचं. मॅडिसनच्या इस्पितळात मी दोघांची वेळ घेतली आहे, २१ फेब्रुवारीची. हो, दोघांची. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. सात वर्षांपूर्वी मी दोनदा अशी वेळ घेतली. पहिल्यांदा गाडीतळावरच बसून राहिले आणि परत फिरले. दुसऱ्यांदा आतपर्यंत गेले, नाव पुकारलं, मी म्हटलं ती बाई आलेली नाही. कारिन अकरा वर्षांची होती. मला वाटायचं, मला कळलं की ते तिलाही लागू होईल, आणि मला कळलं नाही तर होणार नाही. असा विचार करणाऱ्या बाईला तू शहाणी म्हणून पत्रं लिहितोस.

कारिन विचारत होती, आई, त्या खेळापुढे बसून का रडतेस. मी सांगितलं, जुने दिवस आठवले. तिनं माझ्याकडे नर्ससारखं बघितलं.

जेवतोस ना? नुसती बटाटा भरलेली पेस्टी खाऊन राहू नकोस.

धीर माझ्याकडेही नाही, पण असेल तेवढा निम्मा तुझा.

ताई


कॅल्युमेट
२६ फेब्रुवारी २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्यासोबतचे ते दोन दिवस भीतीचे होते तरी बरे गेले, कारण गाडीत तू पूर्ण वेळ गातेस आणि चुकीचे शब्द गातेस. त्या समुपदेशक बाईंनी मला दोन तास विचारलं, की निकाल वाईट आला तर काय करशील. मी म्हटलं, घरी जाऊन सौनाची, वाफेची न्हाणी तापवेन. त्यांनी ते लिहून घेतलं.

मुकादमाला सांगितलंच होतं, आता मी गॅरेजमध्ये बर्फाच्या गाड्यांची पाती घासतो. त्यानं कारण विचारलं नाही. त्याचा भाऊ बाबांसोबत ट्रकवर होता, त्याला सगळं दिसलेलं आहे. त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, आता सगळं गाव माझ्याकडे असंच बघणार.

खेळ बंद आहे. योस्तला कळवलं, की थोडे दिवस थांब. कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. दिवसभर स्वतःकडे लक्ष ठेवतो. चमचा तोंडाकडे नीट जातो का, जिना उतरताना पाय वाकडा पडतो का. काल दुकानात एक नाव आठवेना, तर बर्फात उभा राहून मी आपल्या आजोळच्या सगळ्यांची नावं म्हणून बघितली. आलं सगळं. तरी घाम फुटला होता.

निकाल १८ मार्चला, तोवर असं जगायचंय. तू कशी जगतेस?

तुझा,
आर्वो


कॅल्युमेट
२० मार्च २०११

ताई, ताई, ताई,
आज सा. न. वि. वि. वगैरे काही नाही, नुसती मिठी!

अजून खरं वाटत नाही. घरी येताना पन्नास मैल मोठ्यानं ओरडत आलो. डॉक्टर म्हणाले, आजार नाहीच. बारा वर्षं गाडीच्या दांड्यावर कोपर टेकवून टेकवून नस दाबली गेलीय, म्हणून दोन बोटं बधिर. छोटंसं ऑपरेशन केलं की झालं. एक नस, ताई! एका नसेपायी मी दोन महिने मरत होतो.

आणि तू इस्पितळाच्या व्हरांड्यात माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, माझंही स्वच्छ. दोघंही सुटलो! तू मला तुझा निकाल ऐकायला डॉक्टरांच्या खोलीत येऊ दिलं नाहीस, बाहेरच थांब म्हणालीस, तेव्हा तुझी ती नेहमीची मोठ्या बहिणीची घमेंड वाटली होती. माफ केलं.

कॉम्प्युटरवरची चादर काढली. योस्तला लिहिलं, की उरलेल्या पाच खाणी उन्हाळ्याच्या आत करू. डाव्या हातानं सातवी खाण खेळलो, ओलांडली.

नवी डिस्क लवकरच. जेवायला ये, माशांना धुरी दिलीय.

तुझा सुटलेला भाऊ,
आर्वो


डुलुथ
२४ मार्च २०११

चि. आर्वोस,
अनेक, अनेक आशीर्वाद, आणि ते मनापासून आहेत हे आधी लिहून ठेवते.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगू नये. तू पन्नास मैल ओरडत गेलास, ते मला हवं होतं. तेवढे पन्नास मैल तुला मिळावेत म्हणूनच मी व्हरांड्यात खोटं बोलले.

माझ्यात आहे तो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आज काही दिसत नाही, हात स्थिर आहेत, पण येणार, पाच वर्षांत किंवा बारा. मी त्यांना वेड्यासारखं म्हटलं, पण मी तर ती उडी वीसदा ओलांडली. त्यांना काय कळणार.

खोलीच्या दारापर्यंत मी तुला खरं सांगायचं ठरवूनच आले होते. मग तुझं तोंड बघितलं. बाबा गेल्यापासून तुझं असं तोंड मी बघितलं नव्हतं. तोंडातून दुसरंच निघालं.

आता भीती कारिनची. तिचं नाणं अजून हवेत आहे, आणि ते मी उडवलंय. सांगायला हवं. तिच्या समोर बसते, आणि हवापाण्याबद्दल बोलते.

तू मात्र खाणी पुऱ्या कर. रागावू नकोस.

तुझी,
ताई


कॅल्युमेट
२९ मार्च २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलोय. खूप. तू पन्नास मैल दिलेस आणि मी तुला मासे खायला बोलावलं.

तुझं पत्र वाचून गॅरेजच्या मागे जाऊन बसलो. लाज कसली वाटली माहीत आहे? पहिला विचार आला तो, की मी नाही. मग तू. ही गोष्ट तुला कधीच सांगणार नव्हतो, पण आता दोघांपैकी कुणीच कुणापासून काही लपवायचं नाही.

योस्तला लिहिलं. उरलेल्या पाच खाणी माझ्याकडून होणार नाहीत. त्यानं कारण विचारलं, मी म्हटलं घरचं आहे. तेरा खाणी त्यानं सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि नावाखाली लिहिलं : अपूर्ण. लोक चिडून लिहिताहेत, की चौदाव्या खाणीचं दार कधी उघडणार. लिहू देत. एका माणसाकडे मोजक्याच संध्याकाळी असतात, आणि मला माझ्या तुझ्याकडे घालवायच्या आहेत.

डुलुथच्या रस्ते खात्यात जागा आहे. अर्ज केला. ऑपरेशननंतर मेमध्ये येतो, तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर घर बघ. भांडू नकोस. आणि कारिनला सांग. मला पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात वाचलं.

तुझा,
आर्वो


डुलुथ
१० एप्रिल २०११

चि. आर्वोस,
अ. उ. आ.

सांगितलं. शनिवारी सकाळी, न्याहारीच्या टेबलावर. बाबांपासून सुरुवात केली, मग मी, मग ती. शेवटी म्हणाली, की मी खेळापुढे रडले तेव्हापासून तिला काहीतरी आहे हे ठाऊक होतं, फक्त तिला वाटत होतं कर्करोग असेल. मग कोट घालून निघून गेली. चार तास मी खिडकीत उभी. सरोवरावरचा बर्फ फुटत होता, त्याचा आवाज इथवर येत होता. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

परत आली, जेवली. तपासणी आत्ता करणार नाही म्हणते, कदाचित कधीच नाही, आणि मी तिला त्याबद्दल विचारायचं नाही. मी कबूल केलं.

आज मी दुकानातून आले तर स्वयंपाकघरात पसारा. वरच्या फळीवरची सगळी जड पातेली, बिडाचा तवा, काचेचे डबे तिनं खाली काढले होते आणि माझ्या कमरेच्या उंचीवर नीट लावत होती. मी म्हटलं, अगं, अजून कितीतरी वर्षं आहेत. वर न बघता म्हणाली, की जागा आत्ताच पाठ झाल्या म्हणजे मग शोधावं लागणार नाही.

मी खूप घाबरले आहे, आर्वो. ती पातेली बघून जितकी घाबरले तितकी डॉक्टरांपुढे नव्हते. मग मीही खाली बसले, आणि तिला एकेक झाकण देत गेले.

दोन गल्ल्यांवर नाही, मागच्याच गल्लीत घर रिकामं आहे. पिवळं आहे, तुला आवडणार नाही. मी हो सांगून आले.

वाट बघते. मेच्या आधी जमलं तर आधी ये.

तुझी,
हेल्मीताई