बाजूनं खाणारी बंदूक

बीड,
१९ नोव्हेंबर २००३

प्रिय केदारनाथ यास वीरेशचा सप्रेम शरणार्थ.

तू, कावेरीवहिनी आणि मुलं नागोयाच्या थंडीत सुखरूप असाल असं धरून चालतो. इकडं सर्व ठीक. मन्मथप्पाकाकांचा (हे तुझे वडील, तू फोन फारच कमी करतोस म्हणून आठवण दिली) गुडघा दुखतो, पण तो फक्त देवळाची पायरी चढताना दुखतो, दुकानाची चढताना नाही. त्यामुळं डॉक्टरही गोंधळले आहेत.

ई-मेल सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर सहा आहेत, पण स्कॅनर नाही, आणि सोबतचं चित्र तुझ्यापर्यंत पोचणं गरजेचं आहे. चित्र नीट पाहा. ती विळा बांधलेली केरसुणी नाही. ती जपानी बंदूक आहे, आणि ती आपल्या तेलगावच्या आश्रुबाकाकांनी स्वतःच्या हातानं काढली आहे.

आता तुला पंधरा ऑगस्ट पंच्याहत्तर आठवला असेल. शाळेच्या पटांगणात आपण पाचवीचे सगळे उन्हात बसलो होतो, आणि गुरुजींनी आश्रुबाकाकांना लढाईची हकिकत सांगायला उभं केलं होतं. धुवून कडक केलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. औरंगाबादला जाऊन पलटणीत भरती झालेले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले आपल्या गावातले ते एकटेच. त्यांनी सांगितलं की जपान्याकडं एक बंदूक होती, घोडा दाबून धरला की आपली आपण उडत राहायची, आणि तिला गोळ्या खालून नाही, वरून नाही, बाजूनं भरायच्या. तेवढ्यात मुलांमधून प्रश्न आला, ‘काका, बाजूनं काय खाती, पान?’ पटांगण फुटलं. गुरुजीसुद्धा आधी हसले, आणि मग हसल्याचा राग येऊन त्यांनी तुला उभं करून पाच छड्या दिल्या. काका हकिकत अर्धी टाकून खाली बसले. त्या दिवसापासून गावात ते ‘पानहवालदार’ झाले. आपण टपरीवर त्यांना पाहून ‘एक पान बंदुकीला’ म्हणायचो, आणि ते चुन्याची डबी खिशात टाकून निघून जायचे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी लढाईचा एक शब्द काढला नाही. (आपण मात्र चिंचेखाली लाकडी बंदुका घेऊन तीच लढाई रोज लढायचो, आणि जपानी व्हायला कोणी तयार नसायचं म्हणून तुलाच व्हावं लागायचं. आता तिथंच नोकरीला गेलास.)

तर या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काका हयातीचा दाखला द्यायला बीडला आले. साहेबांपुढं बसून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना तीन तास लागले, आणि दमून ते क्लासमध्ये चहाला आले. त्यांची नात स्वप्नाली माझ्याकडं शिकवते. चारनंतर बॅच संपली की आमच्याकडं दुसऱ्या महायुद्धाचा एक खेळ चालतो. सहाही कॉम्प्युटर वायरनं जोडलेले, तिघं इकडून, तिघं तिकडून, आणि दे मार. (क्लासच्या पाटीवर हे लिहिलेलं नाही.) काका खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाले, “समदं बरोबर हाय. झाडं बी तशीच. पर जपान्याच्या हातात ही बंदूक न्हवती. माझ्यावर आलती ती येगळी हुती.”

स्वप्नाली पाठमोरी बसून फी-पावत्या छापत होती. तिनं प्रिंटर बंद केला. आजोबांच्या तोंडून लढाईचा शब्द ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, “आबा, कशी हुती? सांगा, मी घालते.”

तुझ्या कॉम्प्युटरच्या कंपनीत खेळात नवी बंदूक कशी घालतात मला माहीत नाही. आमच्याकडं कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून एक प्रोग्राम घेतला, आणि वस्तू तेलगावहून मागवली. काका म्हणाले, गोळ्यांचा डबा विळ्यागत वाकडा होता. दुसऱ्या दिवशी ते खरोखरचा विळा पिशवीत घालून एस.टी.नं आले. स्वप्नालीनं टेपनं मोजून तो जसाच्या तसा बंदुकीला लावला, मुठीसकट. पहिल्या खेळात त्या जपानी सैनिकाला दारातून आतच येता येईना. मग विळा लहान केला. आवाजासाठी काकांच्या मळ्यातल्या डिझेल इंजिनचा आवाज टेप करून आणला, त्यात काकांना जेवायला हाक मारणाऱ्या छबुबाईकाकूंचंही एक वाक्य आलं. ते काढायचं राहून गेलं. त्यामुळं आमचा जपानी गोळीबार करतो, थांबतो आणि म्हणतो, “भाकर थंड व्हायली, येताव का न्हाई?”

इथवर मजा होती. पुढं घोटाळा झाला. काका सांगत होते, डबा उजव्या अंगाला. आम्ही उजव्या अंगाला बसवला. तेवढ्यात आमच्या रामकिसननं (ग्रामपंचायतीत लिपिक आहे, सरकारी कोर्ससाठी येतो आणि सगळ्यात जास्त तोच खेळतो) इंटरनेटवर फोटो शोधून काढला. अर्ध्या तासात वरून खाली उतरला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बंदूक खरी होती! जपान्यांनी अशा फार थोड्या बनवल्या, असं खाली लिहिलेलं. पण डबा डाव्या अंगाला होता. मी काकांना दाखवला. काका म्हणाले, उजव्या. रामकिसन म्हणाला, “काका, फोटो खोटं बोलंल का?” आणि कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. जास्त नाही, नाकातून. काकांनी पटका सारखा केला, विळा पिशवीत घातला आणि बसस्टँडकडं चालू लागले. अगदी पंच्याहत्तरसारखे.

खरं सांगतो, मलाही वाटलं, बंदूक असेल, पण काकांनी ती पाहिली नसेल. कुणाची तरी ऐकीव सांगत असतील.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच स्वप्नाली क्लास उघडून बसली होती. तिनं फोटोप्रमाणं डबा डाव्या अंगाला घेतला होता. म्हणाली, “सर, इथं बसा. कशाला हात लावू नका.” झाडीतून जपानी आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि बंदूक रोखली. “आता सांगा, डबा कुठल्या अंगाला दिसायलाय?”

उजव्या.

केदार, त्यांनी ती बंदूक हातात कधी घेतलीच नव्हती. ती त्यांनी फक्त समोरून पाहिली होती. आपण चिंचेखाली खेळायचो तो खेळ नव्हता तो. मी तसाच बसून राहिलो आणि पडद्यावर मेलो. काकूंनी भाकरीला बोलावलं तरी मला हसू आलं नाही.

क्लासला सुट्टी देऊन मी तेलगावला गेलो. काका ओट्यावर होते. छबुबाईकाकू म्हणाल्या, “आता आणि कोन हसायचं राहिलंय?” मी सगळं सांगितलं. काकांनी बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या बाजूनं, एकदा उलटे करून. मग अठ्ठावीस वर्षं राहिलेली अर्धी हकिकत पुरी केली. त्या जपानी पोरानं (ते त्याला पोरगंच म्हणतात, तेव्हा ते स्वतः तेवीसचे होते) दोनचार गोळ्या मारल्या, आणि बंदूक अडकली. तो ती हलवत राहिला. काकांच्या हातात भरलेली रायफल होती. त्यांनी ती उचलली नाही. तो पळाला. “लोकाला कसं सांगावं, मी मारला न्हाई म्हनून?”

मग त्यांनी एकच अट घातली, खेळातली बंदूकही अडकली पाहिजे. स्वप्नालीनं तसं केलं. आता ती कोणी उचलत नाही, सगळे म्हणतात बाद आहे. परवा काका खेळायला बसले. जपानी आला, उडवली, अडकली. काकांनी माउसवरचा हात काढून घेतला आणि म्हणाले, “जाऊ द्या त्याला.” तेवढ्यात शेजारच्या कॉम्प्युटरवरून रामकिसननं त्याला टिपला. काका दोन दिवस रामकिसनशी बोलले नाहीत.

कावेरीवहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उन्हाळ्यात ये. चिंच अजून आहे.

तुझा,
वीरेश

ता. क. : तिकडं एखाद्या संग्रहालयात ही बंदूक असेल तर फोटो काढून पाठव. बाजूनं नको. थेट नळीसमोर उभा राहून काढ. काकांना तशीच ओळखू येईल.

दुसरा ता. क. : खरं काम वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात काकांनी मला विचारलं, “त्यो पानाचा सवाल कुनाचा हुता रं? मन्मथप्पाच्या पोराचा का?” मी हो म्हणालो. सवाल माझा होता, हे तुला माहीत आहे. छड्या तू खाल्ल्यास आणि नाव सांगितलं नाहीस. आता एवढं कर, तुझ्या नावानं काकांना माफीच्या दोन ओळी लिही. तू लांब आहेस, तुला जड जाणार नाही. मला ते हल्ली रोज क्लासमध्ये भेटतात.

तिसरा ता. क. : पाकिटावर इंग्रजी पत्ता लिहायला पत्र स्वप्नालीकडं दिलं होतं. तिनं सगळं वाचलं. म्हणाली, “सर, हे आबांना तुमी वाचून दाखवता, का मी दाखवू?” मी दाखवलं. दुसरा ता. क.ही वाचला. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, “मला तवाच ठावं हुतं. समदी पोरं हसत हुती, मन्मथप्पाचं पोरगं भ्यालं हुतं, आन् तू एकटा खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत हुतास. मी समोरच उभा हुतो की रं.” मग आता कशाला विचारलंत, म्हटलं. म्हणाले, “सांगतोस का बघत हुतो. लई येळ लावलास.”

तेव्हा माफीच्या ओळी नकोत. तुझ्या पाच छड्यांचं काय करायचं ते तू आल्यावर बघू. फोटो तेवढा समोरून.