अर्ध्या चढावरचा आकडा

डेट्रॉइट, १४ ऑक्टोबर १९७०

प्रिय ताता,

तुमचं कार्ड मिळालं. सरोवरात मासे चांगले लागतायत आणि आईचा गुडघा आता कमी दुखतो, हे वाचून बरं वाटलं. मी रविवारी फोन केला नाही, कारण आई दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून ऐकते आणि हे मला फक्त तुम्हाला सांगायचं आहे. शिवाय फोनवर मला रडू येईल आणि तुम्ही म्हणाल, "इर्का, आधी नाक पूस, मग बोल." हे पत्र दोनदा लिहून फाडलं. यात जे मला नक्की माहीत नाही ते लिहिणार नाही, एवढं स्वतःशी ठरवलं आहे.

मार्चमध्ये मी तुमच्या जुन्या मोटार कंपनीतच टायपिंगच्या हॉलमधून नोंदणी विभागात गेले, हे तुम्हाला कळवलं होतं. तिथे नेमकं काय करते ते कळवलं नव्हतं. प्रत्येक नव्या इंजिनाचा एक फॉर्म असतो. त्यावर मी अश्वशक्तीचा आकडा टाइप करते. एक प्रत विमावाल्यांना, एक शर्यतवाल्यांना, एक जाहिरात विभागाला. आकडा आमचे विभागप्रमुख क्रँडल साहेब चिठ्ठीवर लिहून देतात. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, की चाचणीच्या खोलीतून कागद येतो त्यावर तर याहून मोठा आकडा असतो. सगळा विभाग हसला. क्रँडल म्हणाले, "पोरी, घोडे मोजत बसू नकोस, दाणा महाग होतो!" विमावाले आकडा बघून हप्ता वाढवतात आणि शर्यतवाले आकडा बघून गट ठरवतात, म्हणून जोरदार इंजिनाचा आकडा कमी छापायचा. हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. गिऱ्हाइकांतल्या पोरांनाही माहीत आहे, ती डोळा मारून गाडी विकत घेतात. मी हसले नाही, पण टाइप केलं. सात महिने टाइप केलं. हेही लिहायलाच हवं.

शाळेत जाण्याआधी मी तुमच्याकडे शिकले. स्वयंपाकघरातला तो पिठाचा काटा, त्यावर तुम्ही बटाटे ठेवायचात आणि मी आकडा सांगायचा. मी घाईने सांगितला, की तुम्ही बटाटा उचलून पुन्हा ठेवायचात. "काटा थांबू दे. थांबला की लिही. आवडला की नाही ते नंतर बघ." आई ओरडायची, की बटाटे शिजणार कधी. शाळेत बाईंनी बेरीज शिकवली तेव्हा मला वाटलं होतं, की हे तर सोपं आहे, अवघड ते काटा थांबेपर्यंत गप्प बसणं. चाचणीच्या खोलीत इंजिन त्याचा जोर मोजणाऱ्या पाण्याच्या ब्रेकला जोडून तुम्ही काचेपलीकडे उभे असायचात, हे मी मनात पाहायची आणि मला फार अभिमान वाटायचा. वर्गात मुली सांगायच्या, आमचे बाबा गाड्या बनवतात. मी सांगायची, माझे ताता गाडीला खरं बोलायला लावतात.

ऑगस्टमध्ये प्रुइट नावाचे एक गृहस्थ आले. टोलेडोचे, टपाल वाटणारे. गणवेशातच होते, दोन तास बस बदलत आले असावेत. त्यांची मुलगी मार्लीन, वय एकोणीस. तिला नोकरीला जायला गाडी हवी होती आणि तिला आमचीच गाडी आवडली होती. दुकानात दोन इंजिनं होती. बापाने दोन्हींची माहितीपत्रकं घरी आणली, भिंग लावून वाचली आणि कमी आकड्याचं इंजिन निवडलं. तीनशे चाळीस. दुसरं तीनशे पंचाहत्तरचं होतं. चौथ्या दिवशी ओल्या रस्त्यावर, सिग्नल हिरवा झाल्यावर तिने पेडल दाबलं आणि गाडीचं मागचं अंग फिरून पुलाच्या खांबावर गेलं. मुलगी जिवंत आहे. डावा पाय मांडीपासून नाही. प्रुइट माझ्या टेबलासमोर उभे राहून ते माहितीपत्रक दाखवत होते. "मी मुद्दाम कमी आकड्याची घेतली, बाई. दुकानदार दुसरी घ्या म्हणत होता. मी म्हटलं, नको, पोरीसाठी आहे." हेच त्यांनी तीनदा सांगितलं. आवाज चढवला नाही.

ते गेल्यावर क्रँडल साहेब त्यांचं सँडविच घेऊन माझ्या टेबलापाशी आले. कांद्याचा वास येत होता. म्हणाले, "टपालवाला ना? आकडा वाचता येतो, आलेख कुठे वाचता येतो!" आणि चावता चावता हसले, पावाचा तुकडा माझ्या फॉर्मवर पडला. मी तो कागदाने उचलला. त्या दिवसापासून मला तिथे जेवण जात नाही. टाइपरायटरच्या कळा रुमालाने पुसून मग हात लावते. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुते. कुणाची किळस येते ते नीट सांगता येत नाही, आणि माझी मला येते हे मात्र नक्की.

प्रुइट कोर्टात गेले. कंपनीच्या वकिलाने मला प्रतिज्ञापत्र दिलं, सही करायला. त्यात एकच वाक्य होतं, की छापलेला आकडा चाचणीच्या नोंदीतूनच घेतला आहे. "यात खोटं काय आहे, सांग," क्रँडल म्हणाले. "नोंदीत आहे की नाही, जाऊन बघून ये." ते चेष्टेने म्हणाले. मी खरंच गेले. तळघरात त्या इंजिनाचा मूळ आलेख सापडला. रेघ चढत जाते, मिनिटाला छप्पन्नशे फेऱ्यांवर चारशे अठराला टेकते. त्याच्या बरंच अलीकडे, शेहेचाळीसशे फेऱ्यांवर, चढाच्या मध्यावर, लाल पेन्सिलीचा गोल आहे. तीनशे चाळीस. त्यामुळे वाक्य खोटं नाही. डोंगराची उंची विचारल्यावर अर्ध्या वाटेवरच्या दगडाची उंची सांगितली, तर तीही कुणीतरी मोजलेलीच असते. गोलाशेजारी लिहिलं आहे, "छापण्यासाठी हा घ्यावा." तारखेतल्या सातला मधोमध आडवी रेघ, चाळीसमधल्या चारचं डोकं उघडं. हे अक्षर मी पाचव्या वर्षापासून गिरवलं आहे. खाली तुमची सही आहे, आणि तारीख तुम्ही निवृत्त होण्याच्या दोन महिने आधीची.

तुम्हाला कुणी सांगितलं, किती वेळा सांगितलं, नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. त्या प्रतिज्ञापत्रावर मी सही केली नाही. काल माझी नोकरी गेली. आज सकाळी प्रुइटांच्या वकिलाला भेटले आणि तो कागद कुठे आहे ते सांगितलं. शुक्रवारी मला कोर्टात शपथ घ्यायची आहे. तो गोल कुणी काढला, असं विचारतील आणि मी नाव सांगेन. मग तुम्हाला बोलावणं येईल. ते आईच्या हाती पडण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. वकिलाने तुमचा पत्ता मागितला होता, ताता. तो मीच लिहून दिला.

तुमचीच,
इरेना