भिंतीवरच्या मुलीचा तीळ

लोणावळा, मंगळवार, संध्याकाळ

स्किन क्लिनिकमधून आले, पण तो तीळ काही डोक्यातून जात नाही. मुरमांच्या डागांसाठी सहा सिटिंग घ्याव्या लागतील म्हणाल्या मॅडम, आणि भिंतीवर लावलेले एकाच मुलीचे दोन फोटो दाखवले. आधीच्या फोटोत गालावर खड्डे, डाग आणि हनुवटीवर तीळ. नंतरच्या फोटोत गाल गुळगुळीत, पण तीळसुद्धा गायब! डागांच्या ट्रीटमेंटने तीळ कसा गेला? विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "लाइटमुळे दिसत नसेल." मी सरळ उठून आले. फसवायला मीच सापडले का?

घरी आल्यावर रागारागाने आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आणि तुज्या फोटूत तुजा तीळ कुटं हाय गं?"

स्थळांना पाठवलेला माझा बायोडाटा काढून पाहिला. फोटो स्टुडिओत मीच सांगितलं होतं, डाग तेवढे काढा. फोटोवाल्याने गालांवरच्या डागांबरोबर माझा ओठावरचा तीळही पुसून टाकलाय. इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही? की आलं होतं?

रविवारी इंदुरीचे लोक मला बघायला येणार आहेत. त्यांनी विचारलं तर काय सांगू? लाइटमुळे दिसत नसेल?