पूर्वीचं नाव

टूवूंबा,
बुधवार

प्रिय ओवी,

हे पत्र तुझ्या उशीवर ठेवते आहे. बारावी संपल्याची ती तुमची स्कूलीजची आठवडाभराची मौज उरकून उद्या संध्याकाळी तू गोल्ड कोस्टहून येशील, बॅग पॅसेजमध्ये फेकशील आणि सरळ आडवी होशील, म्हणून उशीवर. आधी केस धू, वाळू असेल. तुला जोडाक्षरं अडतात हे माहीत आहे, तरी मराठीतच लिहिते. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून फॉर्म भरल्यासारखं होतं, आणि फॉर्म भरताना तुझी आई काय करते ते पुढे येईलच. हळूहळू वाच, पण शुक्रवारी सही करायच्या आधी सगळं वाच. मध्येच सोडलंस तर बघ हं.

इकडची खबर म्हणजे परवाच्या गारांनी गाडीच्या बॉनेटला पोचे आले. बाबा इन्शुरन्सवाल्यांशी 'नो वरीज, मेट' करत गोड बोलतात आणि फोन ठेवला की अस्सल सोलापुरी शिव्या देतात. बाकी रोज दुपारी आभाळ काळं होतं आणि पाऊस काही पडत नाही. आणि ती आर्मी बेसवरची हेलिकॉप्टरं! चारच्या सुमारास घरावरून इतकी खालून जातात की फडताळातल्या वाट्या वाजतात. तू असलीस की धावत अंगणात जाऊन कुठलं मॉडेल ते ओरडून सांगतेस. तू नाहीस तर मी गॅस बंद करून उभी राहते, आवाज पार विरेपर्यंत. कशाची वाट बघत असते कोण जाणे.

ऑक्टोबरात तुला दोन ईमेल आले. सैन्याच्या अकॅडमीने सरळ घेतलं नाही, पण तयारीचं एक वर्ष देऊ केलं. म्हणजे जानेवारीत घर सोडायचं, पहिल्या दिवसापासून युनिफॉर्म, वर्षभर गणित, पळणं आणि शिस्त, आणि मग अकॅडमी. दुसरी ती ऑफिसर ट्रेनिंगची स्कॉलरशिप. ब्रिस्बेनच्या युनीत इंजिनिअरिंग, सुट्ट्यांमध्ये ट्रेनिंग, डिग्री मिळाली की ऑफिसर. तुला पहिलंच हवं होतं. मी महिनाभर तुझं डोकं खाल्लं. ब्रिस्बेन दीड-दोन तासांवर, घाट उतरला की आलंच, रविवारी डबा घेऊन येता येतं, आजारी पडलीस तर धावता येतं, काय काय म्हणून सांगितलं नाही! शेवटी गेल्या आठवड्यात तू हात टेकलेस आणि स्कॉलरशिपला हो म्हणालीस. मी हरखून शिरा केला. तू दोन चमचे खाल्लेस आणि बशी सिंकमध्ये ठेवलीस.

खरं सांगू, मला भीती वाटायला लागली ती त्याच्याही आधी, सप्टेंबरातल्या तुझ्या त्या चार दिवसांच्या कॅम्पपासून. तू परत आलीस ती पांघरुणावरच झोपायला लागलीस, सकाळी पलंग आवरायला वेळ जाऊ नये म्हणून. तीन मिनिटांत आंघोळ. खांद्यावर तळहाताएवढं काळंनिळं. काय झालं विचारलं तर ऑल गुड, आई. दुखतंय का, ऑल गुड. कुणी काही बोललं का, तरी ऑल गुड. अगं, असं बाहेरच्यांना सांगतात, आईला नाही. बाबा म्हणाले, पोरगी कणखर झाली. मला नाही वाटलं तसं. ते पांघरुणावर झोपणं मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

आता फॉर्म. तुझ्या बॅकग्राउंड तपासणीत आई-वडिलांचं एक पान होतं आणि ते मी भरलं. त्यात एक चौकोन होता, पूर्वीची किंवा इतर नावं. मी 'नाही' असं टाइप केलं. अकरा वर्षं मी हॉस्पिटलच्या ॲडमिशन डेस्कवर बसते आहे, रोज तीस-चाळीस माणसांना हाच प्रश्न विचारते. जुन्या नावाची फाइल नव्या नावाला जोडली गेली नाही तर भलत्याच माणसाला भलतंच औषध जातं, हे नव्या पोरींना मीच तर शिकवते. तरी 'नाही'. पहिले काही दिवस स्वतःची समजूत घातली की आपल्याकडे माहेरचं नाव म्हणजे काही वेगळं नाव नसतंच. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. इथे ऑस्ट्रेलियात बायकांचं फार तर आडनाव बदलतं, आपल्याकडे अख्खी बाई बदलते, हे त्यांना काय कळणार? म्हणून सवयीने राहून गेलं, असं. पण तसं नव्हतं ग. तुझ्या बाबांना माझं नाव बदलायचंच नव्हतं. सुखदा छान आहे की, म्हणाले होते. हट्ट मी धरला. 'मंजिरी' मीच त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं, ताटात हेच लिहा म्हणून.

कारण सुखदा म्हणजे शिरीषची बहीण. तुला मी सांगत आले की मी एकुलती एक. साफ खोटं. शिरीष माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तुझा सख्खा मामा. हँडलकडे पाठ करून सायकल चालवायचा, तुझ्या आजीच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करायचा, हसून हसून पोट दुखायचं. बारावीनंतर ऑफिसर व्हायच्या ट्रेनिंगला गेला तेव्हा आजोबांनी सांगलीत सगळ्या कॉलनीला पेढे वाटले. पहिल्या सुट्टीत आला तो चादर न विस्कटता पलंगावर काठीसारखा निजायचा. कसा आहेस रे विचारलं की मजेत. दुसऱ्या फेब्रुवारीत तार आली, तलावात पोहताना अपघात. आजोबा त्याला आणायला गेले, आणि परत आल्यावर त्याच्याबद्दल बोलले ते एकदाच. बूट काठावर जोडून ठेवले होते म्हणाले, मोज्यांची घडी आत, त्यावर घड्याळ. आणि त्या दिवशी पोहण्याचा तास नव्हता. त्यानंतर त्याचा फोटो आजीच्या कपाटात गेला आणि येणारं जाणारं प्रत्येक माणूस मला जवळ घेऊन विचारायला लागलं, सुखदा, दादाने तुला काही सांगितलं होतं का? सात वर्षं माझ्या नावापाठोपाठ हाच प्रश्न यायचा. मग मी नावच टाकून दिलं. बाबांना एवढंच ठाऊक आहे की माझा भाऊ बुडाला. विषय काढायचा नाही, असं लग्नाआधीच ठरलं होतं.

तुझ्या स्वतःच्या पानावर तू लिहिलंस की कुटुंबातलं कुणीही कधी सैन्यात नव्हतं. मी शेजारी बसून बघत होते आणि बोलले नाही. पुढचं लिहायची मला लाज वाटते, तरी लिहिते. मनात आलं होतं की हे खोटं कधीतरी त्यांच्या हाताला लागेल, तुझं नाव आपोआप कटेल, आणि मला काही करावंच लागणार नाही. चहा पीत पीत मी हा विचार केला, ओवी, आणि मला बरं वाटलं. तू हरावीस म्हणून तुझी आई गप्प बसून होती. मग सोमवारी स्कॉलरशिपचे कागद पहिल्यांदा नीट वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला. जिच्यासाठी तुझ्या मागे लागले होते तीच बांधून ठेवणारी निघाली! पहिली सेमिस्टर उलटली की सोडता येत नाही, डिग्रीनंतर पाच वर्षं सेवा ठरलेली. उलट त्या तयारीच्या वर्षात शेवटच्या दिवसापर्यंत कधीही सांगता येतं की मला जमत नाही, मी निघाले. मी किलोमीटर मोजत बसले, सुटता येतं का ते बघितलंच नाही. काल लंचमध्ये गाडीत बसून त्यांच्या ऑफिसला फोन केला. माझं पूर्वीचं नाव सांगितलं, शिरीषचं सांगितलं, आणि लपवलं ते मी, मुलीला काहीच माहीत नव्हतं, हेही. ती बाई शांतपणे लिहून घेत होती. शुक्रवारची मुदत तशीच आहे म्हणाली, पण तुझी फाइल पुन्हा तपासायला जाईल आणि पुढचं तिला सांगता येत नाही. कदाचित दोन्हीही हातची जातील. रागव माझ्यावर, हवं तेवढं भांड. बाबांना मी आज रात्री जेवताना सांगणार आहे.

आणि आता ते, ज्याच्यासाठी लिहायला बसले. तार यायच्या नऊ दिवस आधी शिरीषचं एक निळं अंतर्देशीय आलं होतं, फक्त माझ्या नावाने. सुखे, मला इथून परत यायचंय, असं त्यात होतं. आजोबांना सांगायचा त्याला धीर होत नव्हता, ते मी सांगावं, माझं ते ऐकतात, असं. मी पंधरा वर्षांची होते. आजोबा त्या आठवड्यात नव्या शेजाऱ्यांना त्याचा युनिफॉर्ममधला फोटो दाखवत होते. म्हटलं रविवारी बोलू. रविवारी पाहुणे आले, म्हटलं माझी चाचणी परीक्षा झाली की बोलू. मग सगळे विचारायला लागले तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं, आणि त्या 'नाही'ला आता तीसपेक्षा जास्त वर्षं झाली. ते पत्र याच पाकिटात आहे. माझ्यानंतर ते वाचणारी तू पहिली. वाच आणि मग तुला हवी तिथे सही कर, मी अडवणार नाही, सोडायलाही येईन. पण परत यावंसं वाटलं, पहिल्या आठवड्यात किंवा तिसऱ्या वर्षी, तर कुणाकरवी सांगू नकोस, सरळ मला फोन कर. मी गाडी काढीन, कारण विचारणार नाही, त्या पाच वर्षांच्या बाँडचं काय करायचं ते नंतर बघू. आणि ओवी, त्या कॅम्पपासून आत्ताच तसं वाटत असेल, तर शुक्रवारपर्यंतही थांबू नकोस. उद्या आणि परवा मी सुट्टी टाकली आहे. दिवसभर घरीच आहे.

तुझीच,
आई