नवसाचा गूळ आणि माझं पोट

४ जानेवारी, रविवार
पोट लहान करायच्या ऑपरेशनला सात महिने होत आले. वजन उतरलं, साखर उतरली, गुडघे कुरकुरायचे थांबले. पोट मात्र ऐकत नाही. दुपारी वाटीभर मुगाचं वरण, दोन चमचे मऊ भात. चौथ्या घासाला छातीत दगड बसल्यासारखं झालं. बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो. सौ. म्हणाली, "अहो, चावून खा. गाडी सुटतेय का तुमची?" गाळ्यावर उभ्याउभ्या जेवण्यात आयुष्य गेलं. चावायची सवय आता कुठून आणू.

लोणीहून आईचा फोन. माघी पौर्णिमेला माझी गूळतुला करायची म्हणते. मला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ती गावच्या देवाला बोलली होती, पोरगं बरं होऊन येऊ दे, त्याच्या भारंभार गूळ वाटीन. तराजूत बसणाऱ्यानं पहिला खडा आईच्या हातून खायचा, मग गावाला वाटायचा. त्याशिवाय नवस फिटत नाही.

मी "बरं" म्हणालो. मी बरा झालोय का, हे तिनं विचारलं नाही.

७ जानेवारी, बुधवार
गुळाच्या गाळ्यावरचा दिवाणजी आणि गूळ चालत नाही. नव्या हंगामाचा माल येतोय. ढेप फोडून जिभेवर ठेवल्याशिवाय मी कधी भाव बोललो नाही. आता चाखतो आणि कागदात थुंकतो. ऑपरेशननंतर एकदाच गिळून पाहिला. थोड्या वेळात घाम, हात थरथरायला लागले, छाती धडधडली, मग संडासाकडे धाव. शेठ आज म्हणाले, "दिवाणजी, थुंकून भाव पाडताय का मालाचा?" सगळे हसले. मीही हसलो.

अन्न रोज थुंकायचं. संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. ज्यानं त्यानं तिळगूळ हातावर ठेवला. नाही म्हणायचं कसं. तोंडाशी नेल्यासारखं करून शर्टाच्या खिशात टाकत गेलो. दुपारपर्यंत खिसा चिकटला, मुंग्या लागल्या. शेठच्या आईंनी मात्र थेट तोंडातच भरवला. गिळावा लागला.

मग पोत्यांच्या थप्पीमागे अर्धा तास पडून होतो. अंग ओलंचिंब. देवा, एवढ्या गोड सणाला...

१९ जानेवारी, सोमवार
शनिवारपर्यंत चार दिवस पोट साफ नव्हतं. प्रोटीनची पावडर आणि कोरडं कोरडं खाणं. आईनं धाकट्या भावाबरोबर, बापूबरोबर, पोट साफ व्हायचं चूर्ण पाठवलं होतं, तिच्या वडिलांच्या वेळचं. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना न विचारता शनिवारी घेतलं, पूर्वी घ्यायचो तेवढंच, चमचाभर. पोट आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही हे चमचा तोंडात घालताना आठवलं नाही.

काल दिवसभर संडास. आज उठलो तर भिंत धरावी लागली. गाळ्यावर गेलो नाही.  सौ. रागातच घोट घोट पाणी देतेय, मीठ-लिंबाचं.

२२ जानेवारी, गुरुवार
आहाराच्या मॅडमकडे. माझ्या पुतणीच्या वयाच्या. चूर्णाचं सांगितलं. म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी आधी फोन करा. शौर्य नंतर दाखवा." मग नीट समजावलं. जेवताना पाणी नाही, पण मधल्या वेळात घोटाघोटानं भरपूर. दही, ताक रोज. भाजी मऊ शिजवून, हळूहळू वाढवत. प्रोटीन आधी, भात शेवटी. चालायचं.

धीर करून विचारलं, "देवाचा गूळ असेल तर?"
"देवाचा ऊस वेगळा असतो का?"

सौ.नं आईच्या नवसाचं सांगितलं तेव्हा जरा मऊ झाल्या. हरभऱ्याएवढा खडा, तोही आधी काही प्रोटीन खाऊन. रिकाम्या पोटी अजिबात नाही.

तुलेला उपाशी बसायचं असतं. हे मी मॅडमना सांगितलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
आज आईला फोनवर सांगून टाकलं. आई, मी अजून बरा नाही. पन्नाशीला आलेला माणूस आईला संडासाच्या तक्रारी सांगतोय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ल्हानपणी बी तुझं पोट असंच व्हतं." एवढंच. पौर्णिमा काही पुढे ढकलली नाही.

राग आला. तिचा नाही. कुणाचा ते ठरत नाही. पूर्ण बरं न होता नवस फेडायचा म्हणजे देवाला खोटी पावती देणं. आणि पूर्ण बरा कधी होणार? तिचंही वय झालं.

३० जानेवारी, शुक्रवार
बापूचा फोन. आईनं त्याला माझं ऑपरेशनआधीचं वजन धरून गूळ घ्यायला लावला. "दादा, तराजू जुळणार न्हाई. तू वर लटकशील. चार ढेपा कमी करू का?" मागून आईचा आवाज, "बोलले तवा तो केवढा व्हता? तेवढाच. देवाकडं सूट मागायची नसती."

मग तिनंच फोन घेतला. "म्या बसते तुझ्यासंगं पारड्यात. मांडीला मांडी लावून. माझा भार काय, चिमणीएवढा. जुळंल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "खडा तेवढा खा बाबा."

१ फेब्रुवारी, रविवार, पहाटे
अंघोळ झाली.  सौ.नं वाटीभर दही पुढे ठेवलंय, पाणी काढून घट्ट केलेलं. "दही नैवेद्यालाही असतं. खाऊन बसलात तर देव उठून जाणार नाही." आईला कळलं तर? तिला न सांगता खाल्लं तर ती पारड्यात शेजारी बसलेली असताना...

आणि नाही खाल्लं, तर देवळाच्या ओट्यावर, अख्ख्या गावासमोर घामानं भिजलेला मी. तो तिला दिसलेला चालेल का?

चमचा वाटीतच आहे. गावाहून न्यायला आलेल्या बापूनं खाली हॉर्न दिला. सौ. म्हणतेय, "भरभर नका खाऊ, पण खा."