फोटोची काच

प्रिय दादा,

तिकडच्या निर्वासितांच्या छावणीत तू एका मुलाच्या डोक्याला पट्टी बांधतोयस, तो फोटो आईने भिंतीवर लावला होता. परवा बाबांनी तो तिच्याच डोक्यात घातला. केसांतल्या काचा मी चिमट्याने वेचल्या. ती म्हणाली, "दादाला कळवू नकोस. तिकडे लोकांना त्याची जास्त गरज आहे."

बाबांनी पुन्हा हात उगारला, तेव्हा मी इस्त्री मारून त्यांचं मनगट मोडलं. आता आई त्यांना भरवते, माझ्याशी बोलत नाही. काल फोनवर तू विचारलंस, "घरी सगळं बरं ना?" मी हो म्हणाले.

आज तिने फोटोला नवी काच बसवून आणली. हे पत्र मी त्या फोटोमागेच ठेवतेय. बाबांचं प्लास्टर महिन्याभरात निघेल. पुन्हा काच फुटली, की सापडेल.

तुझी,
धाकटी