डॉक्टरचं लंगडं पाऊल

४ ऑगस्ट १९६१, थळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. ग्रामपंचायतीच्या रेडिओच्या पेटीची चावी माझ्याकडे असते, म्हणजे मीही काही लहान नाही.
संकल्प: तपकीर बंद. होडीची डागडुजी नारळी पुनवेच्या आत. गुणाजी सुतार फार सुस्त. अंधार पडला तरी कंदील लावून ठोकत राहा, अशी तंबी दिली. होडी पंचायतीच्या मागेच ओढून ठेवलीय, त्यामुळे लक्ष राहील.

११ ऑगस्ट, शुक्रवार
'माडीवरचा दिवा' संपली! तेरा शुक्रवार अख्खा गाव पंचायतीत दाटीवाटीनं बसून ही रहस्य-श्रुतिका ऐकत होता. शेवटी वकील म्हणतो, खुनी याच घरात आहे. दिवा विझतो. कुणीतरी हसतं. खलास. नावच नाही!
नीराबाई मासळी विकते, आवाज रेडिओपेक्षा मोठा. ती म्हणाली, तेरा हप्ते फुकट गेले, शेवट हाय कुटं?
मला मात्र ऐकू आला. दिवा विझल्यावर टक् टक् टक्, जरा थांबून टक्. लंगडं पाऊल! आणि पाचव्या भागात डॉक्टर जिन्यावरून घसरला होता. काय तो लेखक! काय हे माझे कान!

१२ ऑगस्ट
आनंदानं झोप नाही. बायकोला सांगितलं. केसर म्हणाली, डॉक्टरला खून कशाला लागतो, त्याच्याकडं औषधं हायती. तिला पॉइंट कळलाच नाही. तपकीर ओढली, डोकं चालण्यापुरती.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर थिअरी मांडली. टाळ्या! नीराबाई म्हणाली, पाऊलबिऊल आमी न्हाय आयकला. मी जाहीर केलं, खोटा ठरलो तर चावी तुझी. रेडिओ स्टेशनला पत्र टाकलं. बक्षिसाचं शेवटी सहज विचारलं.
होडीकडे जायला सवड नाही.

१९ ऑगस्ट
पंचायतीत खुनी कोण यावर मतदान ठेवलं. डॉक्टरच्या बाजूनं हात वर होत होते. रेडिओवर बाजारभाव चालू. कांदा, बटाटा, आणि मध्येच टक् टक् टक्... टक्.
मी ओरडलो, आला बघा डॉक्टर!
बाजारभावात? सगळे खिडकीकडे वळले. बाहेर कंदील लावून गुणाजी माझ्या होडीच्या फटींत कापूस ठोकत होता. तीन ठोके. कापूस घ्यायला थांबला. मग पुढचा.
पावसाळाभर हाच आवाज. गावात आता तो कुणाच्या कानावरच पडत नाही. माझ्या तेवढा पडला.
नीराबाईनं खिडकीतून विचारलं, गुणाजी, खून तूच केलास व्हय? तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, मी न्हाय, या शिवदासनं सांगितलं म्हनून ठोकतोय.
माणसं हसून हसून लोळली. शरमेनं मेलो.

१ सप्टेंबर, शुक्रवार
नारळी पुनव होऊन गेली. सगळ्यांच्या होड्या दर्यात, माझी पंचायतीमागे. गाव त्याला डॉक्टर म्हणून चिडवतो म्हणून गुणाजीनं काम सोडलं. स्टेशनचं पत्र आलं, शेवट श्रोत्यांवर सोपवला आहे. म्हणजे माझं चुकलं असं ते म्हणत नाहीत!
चावी नीराबाईच्या कमरेला. केसर म्हणाली, आता तरी हातोडा उचला. उचलला. तीन ठोके मारले. आत नवी श्रुतिका सुरू होत होती. कान लावला.
नीराबाईनं खिडकी लावून घेतली. म्हणाली, ठोकन्याचा तरास होतो.